दवाखान्याची फाईल फोनात कशी आणायची: कुंभार गल्लीतल्या एका सुनेची टिपणं

२०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या आमच्या कुंभार गल्लीत शिरलं, तेव्हा आम्ही आधी मूर्ती उचलल्या. २०१९ चा पूर अंगावर काढलेला होता, त्यामुळं राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांच्या धोका रेषेकडं सरकायला लागली तशी कच्च्या मूर्ती, साचे, रंगाचे डबे सगळं माळ्यावर गेलं. लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा तेवढा राहिला. त्यात आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, रेक्झिनची निळी पिशवी होती. पाणी ओसरल्यावर ती उघडली तर आतल्या कागदांचा लगदा झालेला. शाडू भिजवल्यावर जसा हाताला लागतो तसा.

पण खरी अडचण त्याआधीच आली होती. आम्ही सगळे राजारामपुरीत नणंदेकडं मुक्कामाला होतो आणि तिसऱ्या दिवशी आबांच्या गोळ्या संपल्या. आठ महिन्यांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडून तिथं स्टेंट, जाळीची बारीक नळी, बसवली होती. तिथल्या जवळच्या डॉक्टरांनी विचारलं, "स्टेंट कधी टाकला? रक्त पातळ करायच्या गोळ्या एक आहे की दोन? किती ताकदीच्या?" आबा म्हणाले, "एक पिवळी हाय, एक बारीक गुलाबी." स्टेंट टाकल्यावर या गोळ्यांत मनानं खंड पाडायचा नसतो, आत गुठळी होऊ शकते, हे आम्हाला घरी सोडताना दोनदा बजावलं होतं. आणि आता नावच कुणाला सांगता येईना.

ज्या दवाखान्यात अँजिओप्लास्टी झाली तिथं फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "काकू, डिस्चार्ज समरी, घरी सोडताना दिलेला उपचारांचा सारांश, पोर्टलवर आहे. नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी येईल, तो टाकून उघडा." नोंदवलेला नंबर आमच्या पुतण्याचा निघाला. आबांच्या छातीत कळ आली त्या रात्री गाडी त्यानं चालवली होती, काउंटरवर तोच उभा होता, त्यानं आपला नंबर दिला. त्यात त्याची काही चूक नव्हती. पण आता तो भोसरीला कंपनीत होता, रात्रपाळीला, आणि त्याचा फोन लॉकरमध्ये. दोनदा ओटीपी गेला आणि दोनदा वाया गेला. सकाळी त्याची पाळी सुटली तेव्हा आकडे मिळाले आणि गोळ्यांची नावं डोळ्यांना दिसली.

त्या रात्रीनंतर घरातल्या पाच जणांची कागदं मी फोनात ठेवायला लागले. आता गल्लीतल्या बायका, शेजारचे रंगकाम करणारे काका, नणंदेच्या सोसायटीतले लोक विचारायला येतात. प्रत्येकाला तोंडानं सांगताना काहीतरी सुटतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

आधी नंबर, मग पोर्टल

पोर्टल म्हणजे दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये तुमची जी नोंद असते, तिचा तुम्हाला बघता येणारा भाग. कुठं ते ॲप असतं, कुठं वेबसाईट, कुठं दोन्ही. मोठ्या खासगी दवाखान्याचं स्वतःचं असतं, लॅबचं वेगळं असतं, आणि सरकारचं आभा म्हणून जे आहे ते या सगळ्यांना जोडायचं काम करतं. त्याचं पुढं सांगते. पण कुठलंही असलं तरी कुलूप एकच आहे, ते म्हणजे मोबाईल नंबर. म्हणून फोन हातात घेण्याआधी दवाखान्याच्या नोंदणी काउंटरवर जा. तब्येत बरी असताना, सवडीनं, दुपारी गर्दी कमी असते तेव्हा.

तिथं विचारा की आमच्या नोंदीत कुठला मोबाईल आहे. बदलायचा असेल तर बहुतेक ठिकाणी साधा अर्ज आणि आधारची झेरॉक्स लागते. नंबर कुणाचा द्यायचा हे घरात बसून ठरवा. जो माणूस दिवसा घरात असतो, ज्याचा फोन रात्री उशाला असतो आणि ज्याचं सिम बदलत नाही, त्याचा द्या. रिचार्ज न करता पडून राहिलेलं सिम काही महिन्यांनी बंद होतं आणि तोच नंबर कंपनी पुढं दुसऱ्या कुणाला देते. मग तुमचे ओटीपी आणि रिपोर्टचे मेसेज त्या अनोळखी माणसाला जातात.

दुसरं, नाव आणि जन्मसाल बघून घ्या. आबांच्या आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख आहे, त्यांच्या पिढीत घरोघरी असते तशी. दवाखान्यात मात्र त्या रात्री घाईत अंदाजानं वय सांगितलं गेलं, त्यामुळं साल तीन वर्षांनी चुकलं. शिवाय एका नोंदीत आधारवरचं पूर्ण नाव आणि दुसरीत गल्लीत हाक मारायचं नाव. म्हणजे एकाच माणसाच्या दोन फायली, दोन रुग्ण क्रमांक. आमच्याकडं जुन्या शुगरचे रिपोर्ट एकीत आणि हृदयाचं सगळं दुसरीत पडलं होतं. पोर्टल उघडलं की अर्धंच दिसायचं आणि आम्हाला वाटायचं, रिपोर्ट हरवले. हा रुग्ण क्रमांक, बहुतेक ठिकाणी त्याला यूएचआयडी म्हणतात, तो पावतीवर किंवा केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात छापलेला असतो. जुन्या पावत्यांवर वेगवेगळे क्रमांक दिसले तर "या दोन नोंदी एकत्र करून द्या" असा अर्ज द्या. आम्ही साध्या कागदावर दिला, आठवड्यात काम झालं.

तिसरी गोष्ट काउंटरवरची नाही, घरातली आहे. ज्याची फाईल आहे त्याला विचारा. आबांनी लगेच हो म्हटलं. आत्ती, माझ्या सासूबाई, मात्र म्हणाल्या, "माझं बायकांचं दुखणं पोरांच्या फोनात नगं. तुझ्याकडंच ठेव." म्हणून त्यांच्या नोंदीत फक्त माझा नंबर आहे आणि त्यांचे रिपोर्ट मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत नाही. म्हाताऱ्या माणसाला फोन वापरता येत नाही म्हणून त्याच्या दुखण्यावर सगळ्यांचा हक्क होत नाही.

पहिल्यांदा उघडताना

पोर्टलचा पत्ता दवाखान्याच्या पावतीवरून किंवा काउंटरवरच्या फलकावरून घ्या. गुगलवर दवाखान्याचं नाव टाकून वरती येईल ते दाबू नका, आणि तिथं सापडलेल्या कस्टमर केअरच्या नंबरावर तर फोन करूच नका. खोटे नंबर टाकून लोकांना फसवायचा धंदा जोरात आहे. दवाखाना पोर्टल उघडून द्यायला दहा रुपये भरायला सांगत नाही, बँकेचा नंबर मागत नाही, आणि ओटीपी फोनवर विचारत नाही. विचारला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी मदतवाहिनीला, फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम हातातून जाते.

पहिल्यांदा रुग्ण क्रमांक किंवा मोबाईल नंबर टाकायचा, कुठं कुठं जन्मतारीखही विचारतात. मग ओटीपी येतो. काही मिनिटांतच तो बाद होतो, त्यामुळं ज्याच्या फोनवर येणार तो माणूस शेजारी बसलेला असू दे. आला नाही तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. नवा मागवला की जुना चालत नाही, आणि मेसेज मागंपुढं आले की कुठला टाकायचा कळत नाही. पाच मिनिटं थांबा, एकदाच मागवा, आणि शेवटी आलेला टाका.

पासवर्ड ठेवायला सांगितलं तर जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर ठेवू नका. आणि तो कॅलेंडरच्या मागं लिहू नका, घरात येणारा प्रत्येक जण कॅलेंडर बघतो. मी हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिते आणि वही कपाटात, आता वरच्या कप्प्यात, असते.

आत गेल्यावर

बहुतेक पोर्टल इंग्रजीत असतात, पण शब्द आपल्या ओळखीचे आहेत: अपॉइंटमेंट, रिपोर्ट, औषधं, डिस्चार्ज समरी, बिलं. अपॉइंटमेंट आणि बिलाचं काही अवघड नाही, दोनदा केलं की हात बसतो. रिपोर्टबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या घरात त्यावरून एक रात्र झोपेविना गेली आहे.

रिपोर्ट डॉक्टरांनी बघायच्या आधीच आपल्या फोनात येतो. आबांचा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ताचा आकडा, रात्री अकराला आला: १.४, समोर लाल रंगात एच. माझे मिस्टर उठून बसले. किडनी गेली का, डायलिसिस लागणार का, सकाळी पुण्याला न्यायचं का, नेटवर एकेक वाचत पहाट केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जुने आकडे कुठे आहेत?" पोर्टलवर होते. १.४, त्याआधी १.५, त्याआधी १.४. दीड वर्षात काही हललेलं नव्हतं. ते म्हणाले, "हा यांचा नेहमीचा आकडा आहे. लक्ष ठेवू, घाबरायचं कारण नाही." तोच १.४ कुणाचा तरी सहा महिन्यांत ०.८ वरून चढला असता तर त्यांनी वेगळं बोललं असतं.

तेव्हापासून आम्ही एकटा आकडा बघतच नाही. पोर्टलवर बऱ्याचदा प्रत्येक तपासणीसमोर आलेखाचं छोटं चिन्ह असतं, ते दाबलं की मागचे आकडे रेषेवर दिसतात. ते नसेल तर तीन जुने रिपोर्ट उघडून वहीत तारीख आणि आकडा असे दोन रकाने करायचे. एच म्हणजे त्या लॅबच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त, एल म्हणजे कमी. ही मर्यादा आकड्याच्या बाजूलाच छापलेली असते आणि ती लॅबनुसार थोडी बदलते. त्यामुळं शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतात.

शुगरच्या माणसांच्या घरात एचबीए१सी हा रिपोर्ट महत्त्वाचा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर त्या त्या वेळची असते, हा आकडा साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ५.७ टक्क्यांच्या खाली मधुमेह नसलेल्या माणसाचा, ६.५ आणि वर गेला की मधुमेह. पण ज्याला आधीच मधुमेह आहे त्याच्यासाठी किती चालेल हे वय आणि बाकीची दुखणी बघून डॉक्टर ठरवतात. आबांना ७ च्या आसपास चालेल असं सांगितलंय, म्हणून ६.५ च्या वर दिसलं की आम्ही त्यांचा भात बंद करत नाही.

रिपोर्टच्या वर एखादा शब्द असा असतो की रिपोर्ट अजून पूर्ण नाही: प्रोव्हिजनल, प्रिलिमिनरी, पेंडिंग. लघवीच्या कल्चरचं असं होतं. जंतू वाढतात का ते बघायला दोन-तीन दिवस लागतात, पहिल्या दिवशी अर्धवट येतो. तो बघून मेडिकलमधून गोळ्या आणू नका, शेवटचा यायची वाट बघा.

औषधांच्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पोर्टलवर जी यादी असते ती कॉम्प्युटरमध्ये टाकलेली असते, आणि आपले डॉक्टर पुष्कळदा गोळीचा डोस पेनानं चिठ्ठीवर बदलतात. आबांची बीपीची गोळी चिठ्ठीवर निम्मी झाली, पोर्टलवर तीन महिने पूर्ण राहिली. दर भेटीनंतर दवाखान्यातून बाहेर पडायच्या आधी, तिथल्याच बाकावर बसून, चिठ्ठीचा सरळ उजेडात फोटो काढायचा. आणि काउंटरवर सांगायचं की यादी दुरुस्त करा.

काही पोर्टलवर डॉक्टरांना निरोप लिहायची सोय असते. त्याला उत्तर एक-दोन दिवसांनी येतं. पुढची तारीख, एखाद्या गोळीनं पोट बिघडणं, अशा गोष्टींसाठी ती ठीक. छातीत कळ, एका बाजूचा हात गळून जाणं, बोलणं अडखळणं, धाप, यासाठी पोर्टल उघडायचंच नाही. १०८ ला फोन.

आणि डाउनलोड करा. पोर्टलवर आहे म्हणजे आपलं आहे असं नाही, दवाखाना सॉफ्टवेअर बदलतो तेव्हा जुनं सगळं पुढं येतंच असं नाही. लॅबकडून व्हॉट्सॲपवर आलेली लिंकही थोड्या दिवसांनी उघडत नाही. पीडीएफ उतरवली की तिला नाव द्या, आधी साल, मग महिना, मग तारीख, मग माणूस आणि तपासणी. म्हणजे '२०२५-०६-१२ आबा रक्त'. असं लिहिलं की फोन आपोआप तारखेप्रमाणं रांग लावतो. एक प्रत फोनात, एक डिजीलॉकरमध्ये. डिजीलॉकरवर स्वतःचे कागद ठेवायला १ जीबी जागा मिळते, नुसत्या रिपोर्टना ती वर्षानुवर्षं पुरते.

अँजिओग्राफीची सीडी, सीटी स्कॅनची चित्रं बहुधा पोर्टलवर नसतात, फक्त लिहिलेला अहवाल असतो. सीडी वेगळी मागून घ्या आणि जपून ठेवा.

आभा

आता सरकारी आभाबद्दल. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. आमच्या पुरानंतर दोनच महिन्यांनी. आभा हा त्यातला तुमचा १४ आकडी आरोग्य क्रमांक. फुकट आहे आणि सक्तीचा नाही. गल्लीत सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो, म्हणून स्पष्ट सांगते: आभा कार्ड म्हणजे पाच लाखांच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड नव्हे. आयुष्मान कार्ड विम्याचं आहे, आभा कागदांचं आहे. आभा दाखवून बिल माफ होत नाही. शेजारच्या मावशी आभाचं कार्ड लॅमिनेट करून ऑपरेशनला घेऊन गेल्या होत्या, त्यांना काउंटरवरून परत यावं लागलं. तसं कुणाचं होऊ नये.

काढायची रीत अशी. आभा डॉट एबीडीएम डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता, किंवा सरकारचं आभा ॲप. आधार वापरून नवा क्रमांक काढायचा पर्याय निवडा, आधारचे १२ आकडे टाका, संमतीचा मजकूर वाचून खूण करा. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. त्यानंतर आभासाठी कुठला मोबाईल ठेवायचा ते विचारतात, तो आधारच्या मोबाईलपेक्षा वेगळा चालतो. मग आभा पत्ता ठरवायचा. तो ईमेलसारखा दिसतो, मागं ॲट एबीडीएम असतं. ८ ते १८ अक्षरं. पूर्ण नाव आणि जन्मसाल त्यात घालू नका, पत्ता काउंटरवर मोठ्यानं सांगावा लागतो.

आमचं घोडं आधारच्या मोबाईलपाशीच अडलं. आबांच्या आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. तो बदलायला आम्ही आधार केंद्रात गेलो आणि तिथं बोटांचे ठसे द्यावे लागले. पन्नास वर्षं माती आणि प्लास्टर हाताळलेली बोटं ती. मशीनवर ठेवली की यंत्र नाकारायचं. आबांनी हात पुसला, पुन्हा ठेवला, अंगठा झाला, मग तर्जनी. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही. जणू यंत्र म्हणत होतं की हा माणूस तो नव्हेच. मग केंद्रातल्या मुलानं स्वतःहून डोळ्यांच्या बुबुळाचं यंत्र काढलं आणि काम झालं. तर कुंभार, गवंडी, भांडी घासणाऱ्या मावश्या, ऊसतोड करणारे, ज्यांचे ठसे झिजलेत त्यांनी घाबरू नका. आत गेल्यागेल्याच सांगा की ठसे उठत नाहीत, डोळ्यांचं घ्या. आणि मोबाईल नंबर बदलायला पोस्टमनही घरी येऊ शकतो, टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेची ती सेवा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी जवळच्या टपाल कार्यालयात विचारा.

आभा मिळालं म्हणजे रिपोर्ट आपोआप आत येत नाहीत. कागद दवाखान्याच्या आणि लॅबच्या कॉम्प्युटरमध्येच राहतात, आभा फक्त ते तुमच्या नावाशी जोडून दाखवतं. ॲपमध्ये रेकॉर्ड लिंक करायचा पर्याय आहे. तिथं दवाखान्याचं नाव शोधायचं. दवाखाना या व्यवस्थेत सामील झालेला असेल तर यादीत दिसतो. मग मोबाईल, नाव, जन्मसाल जुळवून तुमच्या भेटी समोर येतात, हव्या त्या निवडायच्या, ओटीपी टाकायचा. इथंच ते वर सांगितलेलं नाव आणि साल आडवं येतं. आबांचं साल तीन वर्षांनी वेगळं होतं तोवर यादी रिकामी यायची. दवाखान्यातली नोंद दुरुस्त केल्यावर भेटी दिसायला लागल्या. नावच यादीत नसेल तर जुने कागद फोटो काढून स्वतः ॲपमध्ये चढवता येतात.

सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना, असो की गावाकडचं आरोग्य केंद्र, केसपेपर काढायला गेलात की खिडकीजवळ क्यूआर कोडचा फलक लावलाय का बघा. असेल तर आभा ॲपनं तो स्कॅन करायचा, नाव-वय पाठवायला होकार द्यायचा, फोनवर टोकन नंबर येतो. तो खिडकीवर सांगितला की नाव-पत्ता पुन्हा सांगायचा नाही. टोकन थोडाच वेळ चालतं, त्यामुळं घरून नाही, तिथं पोचल्यावरच काढा. यात फक्त ओळख जाते, रिपोर्ट जात नाहीत.

रिपोर्ट कुणाला दाखवायचे त्याची परवानगी वेगळी. डॉक्टर विनंती पाठवतात, ती फोनवर येते. त्यात कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि किती दिवस बघायला मिळतील, हे सगळं लिहिलेलं असतं. हे वाचून मगच होकार द्या. तारखा आणि प्रकार कमी करता येतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना आत्तीच्या दहा वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचे कागद कशाला हवेत? मी शुगरचे दोन वर्षांचे रिपोर्ट ठेवले, बाकीवरची खूण काढली. दिलेली परवानगी नंतर मागंही घेता येते. ओळख नसलेल्या नावाची विनंती आली तर सरळ नाकारा. अडचण आलीच तर आभाची मदतवाहिनी १४४७७ आहे.

झेरॉक्सच्या दुकानात

हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. आपण सगळे प्रिंट काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात जातो आणि पीडीएफ त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. एकदा मी आबांची समरी छापायला गेले. दुकानातल्या मुलानं डाउनलोडचा फोल्डर उघडला आणि यादीत माझ्या ओळखीच्या तीन जणांची नावं दिसली, नावापुढं तपासणीचं नाव. एकीनं ते दुखणं घरातही कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी मान वळवली, पण वाचलं ते वाचलंच. दुकानदाराच्या मनात काही वाईट नव्हतं, कामाच्या गडबडीत कोण पुसणार.

म्हणून आता मी पेन ड्राईव्ह नेते आणि फाईल थेट त्यातून छापायला सांगते. व्हॉट्सॲपवर पाठवावीच लागली तर छापून झाल्यावर तिथंच उभी राहून म्हणते, "दादा, ती फाईल आणि चॅट पुसा, कचराकुंडीतनंही काढा." आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर पोर्टल उघडलं असेल तर बाहेर पडायचं बटण दाबल्याशिवाय दुकान सोडू नका. नुसती खिडकी बंद केली की लॉग आउट झालं असं नसतं.

दवाखाना कागद देत नसेल तर

छोट्या दवाखान्यात पोर्टल नसतंच, आणि कुठं कुठं "सिस्टीम बंद आहे, पुढच्या आठवड्यात या" असं चालू राहतं. तेव्हा भांडत बसू नका, लेखी मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलंय की रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं कागद मागितले तर पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. ॲडमिट झालेल्या रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायची, असंही त्यात आहे. तीन वर्षं म्हणजे फार नाहीत. ज्यांचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं त्यांनी यंदाच कागद मागून घ्या. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. आमच्या गल्लीतल्या एका काकांचे कागद दीड महिना अडले होते, शिक्क्याची प्रत दाखवल्यावर दुसऱ्या दिवशी मिळाले.

मिरगाआधी

मृग लागायच्या आधी आमच्या गल्लीत पत्रे बघितले जातात, माळे रिकामे केले जातात. त्याच आठवड्यात एका दुपारी मी आबांना शेजारी बसवते, पोर्टल उघडते, वर्षभरातलं नवं सगळं उतरवून घेते आणि एक पान तयार करते. त्यावर नाव, जन्मसाल, रक्तगट, दुखणी, स्टेंट टाकल्याची तारीख, प्रत्येक गोळीचं नाव, ताकद आणि वेळ, कुठल्या औषधाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, आभा क्रमांक. पुरात वीज जाते, फोन बंद पडतो, म्हणून हे पान कागदावरच हवं. तीन प्रती निघतात. एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्याच्या खुंटीला, एक आबांच्या पाकिटात, एक राजारामपुरीत नणंदेच्या कपाटात.

पान छापून आलं की आबा गोळ्यांची पाकिटं अंथरुणावर मांडतात. इंग्रजी नावं त्यांना वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. बोट ठेवून एकेक आकडा ताडतात. यंदा मधेच थांबले आणि हाक मारली, "सूनबाई, हितं पंच्याहत्तर लिवलंय आणि पाकिटावर दीडशे हाय." मेडिकलवाल्यानं शिल्लक नाही म्हणून दुप्पट ताकदीची गोळी दिली होती, अर्धी करून घ्यायला सांगितलेलं आमच्या लक्षातनं गेलं होतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ७५ चीच आणायला सांगितली. पाकीट त्याच संध्याकाळी बदलून आणलं.